तांत्रिक कर्ज: तुमच्या टीममध्ये ते कोण फेडतं आणि कधी?

अर्धविराम (धागाकर्ता)

तांत्रिक कर्ज म्हणजे कोडमध्ये आज घेतलेला आखूड मार्ग, जो नीट केला नाही तर पुढच्या प्रत्येक बदलात त्रास देतो. आमचं प्रॉडक्ट म्हणजे होलसेल वितरकांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक बहुतेक किराणा आणि एफएमसीजीवाले. कोड व्हॅटच्या काळातला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्याच सांगाड्यावर जीएसटी चढवला आणि गाडी चालू ठेवली.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने दर बदलायचं ठरवलं, लागू २२ सप्टेंबरपासून. शांपू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्के, तूप-लोणी १२ वरून ५. लोकांची दिवाळी लवकर आली, आमचा शिमगा झाला.

दर आमच्याकडे टेबलातच आहेत, पण फक्त टेबलात नाहीत. रिपोर्टच्या कोडमध्ये 'दर १२ असेल तर' अशा अटी पेरलेल्या आहेत. बिलाच्या छापील नमुन्यात ०, ५, १२, १८, २८ असे पाच रकाने पक्के ठोकलेत. आणि मुख्य गोची म्हणजे टेबलात वस्तूपुढे एकच दर आहे, तो कधीपासूनचा ते नाही. १५ सप्टेंबरला विकलेला शांपू दुकानदाराने ऑक्टोबरात परत केला, तर क्रेडिट नोट (परतीची पावती) मूळ विक्रीच्या म्हणजे १८ च्याच दराने निघायला हवी. टेबलात ५ लिहिलं की जुनं सगळं पुसलं जातं.

हातात तीन आठवडेसुद्धा नव्हते. मग आम्ही 'बिलाची तारीख २२ सप्टेंबरच्या आधीची असेल तर जुना दर' अशी अट जिथे जिथे लागली तिथे तिथे घातली. समजून उमजून घातली. रिलीज वेळेत गेलं, गिऱ्हाईक खूश.

दरांचा इतिहास ठेवणारं नीट टेबल करायचं तिकीट तेव्हापासून बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) पडलंय. प्लॅनिंगला बॉसचं दर वेळी तेच: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" दर स्प्रिंटमधला (ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीतला) २० टक्के वेळ यासाठी राखून ठेवायचा प्रयोगही झाला. पहिल्या प्रॉडक्शन बगने (गिऱ्हाइकाकडे निघालेल्या चुकीने) तो वेळ खाल्ला आणि ये रे माझ्या मागल्या.

तुमच्याकडे हे कसं चालतं? पुस्तकातलं नको, प्रत्यक्षातलं सांगा.

चकली_विथ_चहा

आमच्याकडे जिरा या तिकिटं ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टेक डेट' म्हणजे तांत्रिक कर्ज नावाचं वेगळं एपिक (कामांचा कप्पा) आहे. तिकीट तिथे गेलं की त्याचं श्राद्ध घालून मोकळं व्हायचं. वाचतेय.

मेनफ्रेमकाका

मी आता निवृत्त आहे, त्यामुळे बिनधास्त लिहितो.

या कर्जाची सगळ्यात मोठी वसुली आम्ही वायटूकेच्या वेळी पाहिली, म्हणजे दोन आकडी वर्षामुळे संगणक २००० ला १९०० समजतील अशी भीती होती तेव्हा. वर्षाला दोनच आकडे ठेवणारे लोक काही मूर्ख नव्हते. पंच कार्डावर रकाने ८०, पुढे डिस्क आली तीही सोन्याच्या भावाची. प्रत्येक रेकॉर्डमागे दोन अक्षरं वाचवणं हा तेव्हा शहाणपणाच होता. चुकलं ते पुढे. ऐंशीच्या दशकात जागा स्वस्त होत गेली तरी कोणी हात लावला नाही, कारण चालत होतं. तुमच्या बॉसचंच वाक्य.

शेवटी पैसे का सुटले? तारीख होती म्हणून. १ जानेवारी २००० कोणालाच पुढे ढकलता येत नव्हती. एरवी खडू-फळ्यासाठी खळखळ करणाऱ्या कंपन्यांनी तेव्हा हात सैल सोडला आणि मुंबई-पुण्याची कितीतरी पोरं कोबोल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा शिकून अमेरिकेला गेली.

आता गंमत. सगळीकडे चार आकडी वर्ष केलं असं समजू नका. वेळ वाचवायला खूप ठिकाणी 'विंडोइंग' केलं. म्हणजे ०० ते ४९ आलं तर २००० चं शतक, ५० ते ९९ आलं तर १९०० चं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज. हे सॉफ्टवेअर तोवर बदललेलंच असेल, असं तेव्हा सगळे म्हणायचे. साठच्या दशकातलेही हेच म्हणत होते.

इसारकाठी

काकांचा प्रतिसाद फार आवडला. थोडी भर घालतो.

सॉफ्टवेअरला ही कर्जाची उपमा वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये ऊप्सला (OOPSLA) नावाच्या सॉफ्टवेअर परिषदेत दिली. तो तेव्हा वायकॅश नावाच्या, गुंतवणुकीचे पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. (जगातली पहिली विकी करणारा तोच.) त्याचं म्हणणं लोक अर्धवट सांगतात. घाईत गचाळ कोड लिहा आणि मागाहून साफ करा, असं तो कधीच म्हणाला नाही. विषय आज जेवढा समजलाय तेवढ्यावर कोड लिहून बाहेर काढा, वापरातून समज वाढेल, मग ती वाढलेली समज कोडमध्ये परत उतरवा. ते उतरवणं म्हणजे फेड. उतरवलं नाही, तर समज आणि कोड यांच्यातल्या अंतरावर रोज व्याज चढतं.

पुढे २००९ मध्ये मार्टिन फाउलरने त्याचे चार कप्पे पाडले. कर्ज जाणूनबुजून की नकळत, आणि विचारपूर्वक की बेफिकिरीने. अर्धविराम, तुमच्या गोष्टीत तीन वेगवेगळे प्रकार एकाच पोत्यात भरलेत असं मला वाटतं. सप्टेंबरची तारखेची अट जाणूनबुजून आणि विचारपूर्वक घेतलेली आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०१७ मध्ये दराला तारीख न लावणं बहुधा नकळत घडलं. छपाईतले पाच ठोकलेले रकाने ही मात्र शुद्ध बेफिकिरी. या तिन्हींना एकच नाव देऊन मीटिंगमध्ये नेलं की ऐकणाऱ्याला 'यांना कोड आवडत नाही' एवढंच कळतं.

रोडमॅपवाली

मी टेबलाच्या पलीकडची, प्रॉडक्ट मॅनेजर. दगड जपून मारा.

'कोड घाण आहे' हे वाक्य मी प्रत्येक कंपनीत, प्रत्येक कोडबद्दल ऐकलंय. नवा डेव्हलपर आला की पहिल्या आठवड्यात हेच म्हणतो. मी त्यावर निर्णय काय घेऊ? मला रोडमॅपवर ओळ लागते आणि त्या ओळीपुढे कारण लागतं.

तेच कोणी येऊन म्हणालं की येत्या दोन तिमाहीत हे तीन बदल येणार आहेत, आजच्या कोडवर प्रत्येकाला तीन आठवडे लागतील, आधी अमुक भाग नीट केला तर प्रत्येकी चार दिवस, आणि नीट करायला दोन आठवडे, तर मी तिथल्या तिथे हो म्हणते. हिशोब माझा मीच करते. आकडे अंदाजाचे असले तरी चालतात, फीचरचे आकडे तरी कुठे खरे असतात!

'रिफॅक्टरिंग स्प्रिंट' (नवं काही न देता नुसता कोड आवरायची फेरी) मात्र मी मागेच बंद करून टाकले. दोन आठवड्यांनी डेमोत दाखवायला काही नसतं, सेल्सवाले डोळे वटारतात आणि टीमने नेमकं काय आवरलं हे टीमलाही धड सांगता येत नाही. बहुतेक वेळा ज्याला जे खुपत होतं ते त्याने आवरलेलं असतं.

आणि अर्धविराम, रागावू नका, पण तुमच्या बॉसचा प्रश्न रास्त आहे. एवढी मोठी दरबदल जीएसटी आल्यापासून आठ वर्षांनी झाली. पुढची परत आठ वर्षांनी येणार असेल तर मीही ते तिकीट खालीच ठेवीन.

अर्धविराम

@रोडमॅपवाली, रागावलो नाही, उलट बरं झालं. तुमचा प्रतिसाद वाचून आमचा जुना रिलीज लॉग काढला.

दर हा एकच भाग झाला. तारखेनुसार बदलणाऱ्या बाकीच्या गोष्टी बघा. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) कोणाला सक्तीचं याची उलाढालीची मर्यादा: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी, जानेवारी २०२१ मध्ये १००, एप्रिल २०२१ मध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटी. तीन वर्षांच्या आत सहा आकडे, आणि प्रत्येक आकडा आमच्या कोडमध्ये स्थिरांक म्हणून बसलेला. दर वेळी बिल्ड, टेस्टिंग, रिलीज, गिऱ्हाइकांना अपडेट घ्या म्हणून फोन. रोग तोच आहे. सरकार तारीख लावून नियम बदलतं आणि आमचा कोड तारीख ओळखत नाही.

म्हणजे तिकिटाचं शीर्षक 'दरांचं टेबल नीट करणे' असं असायलाच नको. 'नियम बदलला तर रिलीजशिवाय, नुसत्या सेटिंगने भागावं' असं हवं. हे सेल्सलाही कळेल.

रोडमॅपवाली

आता कसं बोललात! हे मी उद्या विकून दाखवते.

बिगबँग_बाबूराव

एवढी मलमपट्टी कशाला? व्हॅटच्या काळातला कोड आहे म्हणता. सरळ नव्याने लिहा, मायक्रोसर्व्हिसेस (छोटे स्वतंत्र भाग) करा, क्लाउडवर टाका. आमच्या इथे हेच चाललंय.

चकली_विथ_चहा

@बाबूराव, 'चाललंय' म्हणजे कधीपासून? आणि जुनं बंद झालं का?

बिगबँग_बाबूराव

जुनं अजून चालू आहे. सध्या दोन्ही सांभाळतोय. पण नवीन छान आहे.

मेनफ्रेमकाका

बाबूराव, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. नेटस्केप आठवतंय का कोणाला? १९९८ मध्ये त्यांनी ब्राउझरचा जुना कोड बाजूला ठेवून नव्याने मांडणी करायला घेतली. ४ नंतर थेट ६ क्रमांकाची आवृत्ती निघाली, तीही २००० च्या नोव्हेंबरात आणि अर्धीकच्ची. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार खाल्ला होता. त्या कोडमधून पुढे फायरफॉक्स जन्माला आला हे खरं, पण ते पाहायला नेटस्केप कंपनी म्हणून उरली नव्हती.

जुना कोड कुरूप दिसतो, कारण त्यात दहा-पंधरा वर्षांच्या तक्रारी जिरलेल्या असतात. ती विचित्र अट कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या कुठल्यातरी बिलासाठी असते. नव्याने लिहिताना ती कोणालाच आठवत नाही, मग तेच गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं.

इसारकाठी

+१. बदलायचंच असेल तर जुन्याच्या कडेने नवं वाढवत न्या. करआकारणी आधी स्वतंत्र करा, जुना कोड तिला विचारून दर घेईल. मग रिपोर्ट, मग छपाई. कोणत्याही टप्प्यावर थांबावं लागलं तरी हातात चालू सॉफ्टवेअर राहतं. बाबूरावांच्या मार्गात अर्ध्यावर थांबलं की हातात दोन सॉफ्टवेअरं राहतात.

फोर्ट_ते_चर्चगेट

ट्रेडिंग सिस्टिममध्ये काम करतो. इतका वेळ नुसता वाचत होतो, पण 'चालतंय ना, हात कशाला लावायचा' या वाक्यावर राहवलं नाही. आमच्या धंद्यातली ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, इतरांना कदाचित नसेल.

नाइट कॅपिटल, अमेरिकन शेअर बाजारातली बडी दलाल कंपनी. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत 'पॉवर पेग' नावाचं एक जुनं काम होतं. २००३ मध्ये ते वापरणं बंद केलं, कोड मात्र तसाच ठेवला. कोणाला त्रास देत नव्हता ना! २००५ मध्ये त्याच्या शेजारचा एक तुकडा हलवला. ऑर्डर पूर्ण भरली की थांबायचं, हे मोजणारा तो तुकडा. हलवल्यावर पॉवर पेग नीट चालतं का हे कोणी तपासलं नाही. मेलेल्या कोडची चाचणी कोण घेतं?

२०१२ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या नव्या योजनेसाठी बदल करायचा होता. त्यासाठी एक फ्लॅग (कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण) हवा होता, तो त्यांनी पॉवर पेगचाच जुना उचलला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तंत्रज्ञाने सातांवर चढवला. आठवा राहिला. दुसऱ्या कोणी तपासून बघायचं असा नियमच नव्हता.

१ ऑगस्ट २०१२. बाजार उघडायच्या आधीपासून 'पॉवर पेग डिसेबल्ड' असा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल कंपनीतल्या लोकांना आपोआप गेल्या. त्या धोक्याची सूचना म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. साडेनऊला बाजार उघडला. फ्लॅग लागला, सात सर्व्हरवर नवा कोड जागा झाला आणि आठव्यावर नऊ वर्षं निजलेला पॉवर पेग. तो ऑर्डर पाठवत सुटला, कारण थांबायचं कधी हे मोजणारं तिथे कोणी नव्हतं. घाबरून त्यांनी नव्या कोडमध्येच घोळ आहे असं धरलं आणि बाकीच्या सात सर्व्हरवरून तो काढून टाकला. म्हणजे आठही सर्व्हरवर पॉवर पेग!

२१२ ऑर्डरींपायी ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे, १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. वर्षभरातच कंपनी दुसरीच्या पोटात गेली. हे सगळं अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात सविस्तर आहे.

आमच्याकडे त्यानंतर एकच गोष्ट कडक झाली. बंद केलेलं फीचर ठरलेल्या मुदतीत कोडमधूनही काढायचं, आणि जुना फ्लॅग नव्या कामाला कधीही वापरायचा नाही. हे कर्ज फेडायला रिफॅक्टरिंगही लागत नाही, नुसतं डिलीट करायचं असतं. तरी लोक करत नाहीत. 'असू दे, लागलं तर?' म्हणतात. अरे, जुना कोड जपून ठेवणारं गिट आहे ना!

चकली_विथ_चहा

बाप रे. आत्ताच आमच्या कोडमध्ये बंद फ्लॅग शोधले. सांगत नाही किती निघाले.

बेंचवर_बसलेला

प्रॉडक्टवाल्यांची चर्चा वाचून हेवा वाटला. सर्व्हिस कंपनीत हा प्रश्नच वेगळा आहे. कोड क्लायंटचा, बिल तासांचं. कोड खराब असेल तर तास जास्त लागतात आणि जास्त तासांचे पैसे मिळतात. मग तो नीट करायची कोणाला घाई? ठरीव रकमेचं काम असेल तर उलटी तऱ्हा, हमीची मुदत संपेपर्यंत टिकलं की झालं.

त्यातून माणसं दीड-दोन वर्षांनी प्रोजेक्ट बदलतात. केटीत (काम सोपवताना माहिती देतात त्यात) काय मिळतं? जुने स्लाइड्स आणि 'हा मॉड्यूल सेन्सिटिव्ह आहे, शक्यतो हात लावू नकोस' हा मंत्र. का सेन्सिटिव्ह, ते सांगणारा कधीच कॅनडाला गेलेला. घेणारा निघून गेला आणि हप्ते भलताच भरतोय, असं हे कर्ज आहे.

माझ्या टीमपुरता एक उपाय चालला. मुद्दाम आखूड मार्ग घेतला की त्याच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत), त्याच फाइलशेजारी, चार ओळी लिहायच्या: काय केलं, का केलं, नीट करायचं तर काय लागेल, आणि काय घडलं की हे केलंच पाहिजे. कॉन्फ्लुएन्सवर (कंपनीच्या कागदपत्रांच्या साइटवर) नाही, तिकडे कोणी फिरकत नाही. क्लायंटचा आर्किटेक्ट कोड वाचताना त्या ओळी वाचतो आणि कधीकधी स्वतःच काम काढतो. कधीकधीच हं.

रोडमॅपवाली

'काय घडलं की हे केलंच पाहिजे' ही ओळ सोन्याची आहे. काकांनी वायटूकेबद्दल सांगितलं ते हेच. कर्जाला मुदत लावा.

नवशिका_०७

पहिलीच नोकरी आहे, प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. सगळे 'नीट करा' म्हणताय, पण आमच्या बिलिंग कोडला आपोआप तपासणारी एकही टेस्ट नाही. एक फंक्शन तर स्क्रोल करून संपत नाही. टेस्ट लिहायची तर फंक्शन तोडायला हवं, आणि टेस्ट नसताना तोडायचं तर भीती वाटते. सुरुवात कुठून करू? एआयला विचारलं तर त्याने सगळं फंक्शन सुंदर करून दिलं, पण ते बरोबर आहे का हे मला कळत नाही.

पैसा_न_पैसा

@नवशिका_०७, बावळट अजिबात नाही, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. मी टेस्टिंगमध्ये आहे, तीही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

फंक्शन आतून तोडूच नकोस. त्याला बाहेरून पकड. प्रॉडक्शनमधली जुनी बिलं घे (नावं, फोन, जीएसटी नंबर पुसून). प्रत्येकात काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते फाइलमध्ये साठव. मग कोडला हात लावलास की तीच बिलं पुन्हा त्यातून काढायची आणि पैशापैशाने जुळवायची. एवढंच. कोड बरोबर आहे का हे या टेस्ट सांगत नाहीत, 'कालच्यासारखंच वागतोय का' एवढंच सांगतात. तुला आत्ता तेवढंच हवंय. मायकेल फेदर्सने २००४ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. टेस्ट नसलेला कोड तो जुनाट कोड, मग तो काल लिहिलेला का असेना, ही त्याचीच व्याख्या.

बिलं निवडताना नुसती ताजी घेऊ नकोस. विक्री परत, सवलत, फुकट नग, राज्याबाहेरची विक्री, शून्य दराची वस्तू, मार्च अखेर, सगळं थोडं थोडं हवं. आणि राउंडिंगवर डोळा ठेव. १० रुपये १० पैशांच्या वस्तूवर ५ टक्के काढले तर ५०.५ पैसे, म्हणजे ५१. तेच अडीच-अडीच टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढून प्रत्येकाला राउंड केलं तर २५ आणि २५, म्हणजे ५०. एआयने 'सुंदर' केलेल्या कोडमध्ये नेमकी अशी एका पैशाची उडी निघते. वितरकाच्या एका बिलात शेसव्वाशे ओळी असतात, महिनाअखेर त्याचा सीए फोन करतो.

एआय वाईट नाही. ही जाळी आधी लाव, मग त्याच्याकडून हवं तेवढं सुंदर करून घे.

नवशिका_०७

खूप धन्यवाद! पण जुनं उत्तरच चूक निघालं तर?

पैसा_न_पैसा

तर ते चुकीचं उत्तरच आत्ता साठव आणि वेगळं तिकीट टाक. एकाच कमिटमध्ये मांडणीही बदलली आणि उत्तरही बदललं, तर काय मोडलं ते कोणालाच सांगता येणार नाही. कधीकधी त्या 'चुकी'वर गिऱ्हाइकाचं टॅलीतलं जुळवणं बेतलेलं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय सुधारू नकोस.

अर्धविराम

आज प्लॅनिंग झालं. रोडमॅपवाली यांच्या पद्धतीने मांडलं आणि करआकारणी वेगळी काढायचं काम मंजूर झालं. दर आणि ई-इनव्हॉइसची मर्यादा, दोन्हीला 'कधीपासून' तारीख. सुरुवात पैसा_न_पैसा यांनी सांगितली तशी, २२ सप्टेंबरच्या दोन्ही बाजूंची बिलं आणि त्यावरच्या क्रेडिट नोटा गोळा करून. जी कामं येणार आहेत त्यांच्या वाटेवरचं तेवढंच कर्ज फेडायचं, बाकीचं निजू दे, असं ठरलं. मेलेले फ्लॅग सोडून, ते उडवायला घेतलेत.

छपाईचा नमुना मात्र घेतला नाही. त्यात जुनी डॉट मॅट्रिक्सवाली गिऱ्हाइकं अडकलीत, त्यांचा छापील कागदच पाच रकान्यांचा आहे.

पैसा_न_पैसा

तो कागद संपत आला की ते प्रेसमध्ये नवा छापायला टाकतात. तुमच्या सपोर्टवाल्यांना सांगून ठेवा, तेव्हा आधी तुम्हाला फोन करायला. त्या वेळी एकेकाला नव्या नमुन्यावर आणा.